आधी हजेरी, मग पाणी

तात्यांना मी प्रथम पाहिलं ते नांदेडच्या आमच्या जिनिंगच्या आवारात. निजामाच्या अमलाची शेवटची वर्षं होती. मूळचे रेणापूरचे तात्या महायुद्धात आरमारात होते. जहाजावरची आग विझवणं आणि फुटलेल्या जहाजात शिरणारं पाणी रोखणं, याचं शिक्षण घेऊन ते परतले होते. आम्ही पाणी म्हणून पाहिली ती गोदावरीच! "चहूकडं पाणी, अन् तिथं आग कुठली हो?" अशी आम्ही लई थट्टा केली.

"पाणी चहूकडं, पण पळायला जागा न्हाई," तात्या शांतपणे म्हणाले.

मुकादम होताच त्यांनी जहाजावरची कवायत आम्हांला लावली. धुराचा वास आला की लिंबाखाली जमायचं, आधी हजेरी द्यायची, मग बादली उचलायची. दारं लावून घ्यायची. आमची कापूसवाल्यांची रीत नेमकी उलटी. धूर दिसला की दारं सताड उघडून गठ्ठे बाहेर ओढायचे, म्हणजे आगीला वाराच घालायचा.

एका दुपारी खरंच पेटलं. माणसं गठ्ठ्यांकडे धावली. "दारं लावा! लिंबाखाली या!" तात्या गरजले. मालक कपाळ बडवत ओरडले, "अरे, आग लागली अन् हे हजेरी घेऊन राहिले!" तात्यांनी तिकडे पाहिलंही नाही. एकेक नाव, एकेक "हाय". मग "गोदाबाई?" कोणीच बोललं नाही.

गोदाबाई म्हणजे माझी आई. ती विहिरीवर गेली असेल, असंच मी धरून चाललो होतो.

तात्यांनी कमरेला दोर बांधला आणि टोक माझ्या हाती दिलं. "झटका बसला की ओढ. रडू नको, ओढ." ओलं घोंगडं पांघरून ते भिंतीच्या कडेनं सरपटत आत शिरले. देवा, किती वेळ ढिला होता तो दोर! मग झटका बसला. आई बाहेर आली ती खोकत, शिव्या देत, जिवंत.

पुढे वेळा अमावास्येला तात्या आम्हां सगळ्यांना रेणापूरच्या शेतात जेवायला नेत. भज्जी-आंबील आईच्या हातची, पण वाढण्याआधी हजेरी ठरलेली. आजही ती चुकत नाही. गेलेल्यांची नावंही तात्या वगळत नाहीत. आईचं नाव आलं की "हाय" मी म्हणतो.

तात्या, पंचाहत्तरीच्या पंगतीत आपण आमची हजेरी घ्यालच. शेवटी आम्ही आपलं नाव पुकारू. प्रकृती ठणठणीत राहो, आणि अशी पुष्कळ वर्षं त्या नावाला आपणच, मोठ्यानं, "हाय" म्हणावं.