पगारात संसार नको म्हणाली

मंडळी, आज गिरणीत भलं करायला गेलो आणि बोलणी खाऊन आलो.

भवानी पेठेतली नरसव्वा माझ्या शेजारी बसून सुताच्या कांड्या भरते. नवरा वारलाय, घरी तीन पोरं आणि आंधळी सासू. दुपारच्या सुट्टीत मी मुकादमाला म्हटलं, "हिचा संसार बघून तरी पगार वाढवा की!"

मुकादम विचारात पडला. नरसव्वाच कडाडली, "संसार मधी आनू नका! लेकुरवाळी बाई महाग पडली, तर उद्या कामावर ठेवंल कोन? तुमी बी येवड्याच कांड्या भरता, तरी पगार माज्यापरास जास्त. तुमच्याएवडा मागा की माज्यासाठी!"

मुकादम माझ्याकडे बघून हसला.

माझं अजून लग्नसुद्धा झालेलं नाही. मी उठून परत कांड्या भरायला बसलो. तुम्ही असता, तर तिच्यासाठी आपल्याएवढा पगार मागितला असता का?