बैल साथीदार की सामान

बायकोचं वर्षश्राद्ध अजून व्हायचं आहे आणि मी रविवारी दुपारी ओसरीवर फासे टाकत बसतो. गावात बोलतात. बोलू द्या.

हा खेळ नातीनं आणला. ती शहरात शिकते, दर रविवारी सुटीला इकडे संग्रामपूरला येते. या खेळात एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. लढाई आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. नियमांचं पुस्तक इंग्रजी. माझी शाळा चौथीत सुटली, म्हणून नात वाचते आणि आपल्या बोलीत सांगते. गोष्टही तीच सांगते. सून तिरंदाज. माझी बायको ढालवाली होती. ढालवालीला एक खास जोर असतो: हाताच्या अंतरावर उभ्या साथीदारावर घाव आला, तर तो तिला आपल्या अंगावर घेता येतो. फेरीत एकदाच.

तेव्हा मी खेळत नव्हतो. खाटेवर पडून हसायचो. एकदा गोष्टीत यांच्या सामानाच्या बैलावर लांडगा आला. बायकोनं ढाल पुढे केली. नात म्हणाली, "आजी, नियमात साथीदार लिहेल आहे. बैल सामानात येते."

"काऊन व? पोळ्याच्या आदल्या सांजी त्याचे खांदे हळद-लोण्यानं मळतो, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हणतो. पोत्याले देते का कोणी आवतन?"

नात हसली आणि तिनं मानलं. त्या दिवसापासून बैल साथीदार झाला.

बायको गेल्यावर तिच्या जागेवर मी बसलो, तिचीच ढालवाली घेऊन. सून म्हणाली, "मामाजी, तुमाले जमन का?"

"तिच्यासोबत संसार जमला," म्हटलं, "हे काय मोठं आहे."

मागच्या रविवारी गोष्ट एका दरीत पोचली. समोर राक्षस, हातात लोखंडी सोटा. ढालवाली आधीच जखमी, अजून एक घाव बसला की संपली. राक्षसानं सोटा उगारला तो बैलावर. मी म्हटलं, "ढाल पुढे."

नातीनं पुस्तक चाळलं. "नाही चालत, आबा. बैल सामान आहे."

"कवापासून?"

"नियमातच आहे."

"आजीले तर हो म्हणली होती तू."

सून मध्ये पडली. "जाऊ द्या ना मामाजी. बैल काय, गोष्टीत दुसरा भेटन."

नात पुस्तकातून मान वर काढेना. मग हळूच म्हणाली, "ढालवाली पडली तर उठणार नाही, आबा. आणि ते मलेच सांगा लागन. मले आजी अजून एकदा नाही मारायची."

तेव्हा मला कळलं, नियम कुठून आला ते. पोरीची माया मला दिसली, पण रागही आला. माणूस गेलं की लोक त्याला मऊ करून टाकतात. शेजारच्या बाया अजून येऊन म्हणतात, गाय होती बिचारी. कसली गाय? रानडुकरं वावरात शिरली की कुऱ्हाडीचा दांडा घेऊन माझ्या पुढे पळायची. भांडली तर चूल पेटवायची नाही. बैल मार खातो आहे आणि ही बाजूला उभी राहून जगली, असली बाई मी ओळखत नाही. तशी जपून ठेवली तर ती माझी बायको राहत नाही, दुसरीच कोणी होते.

"नियम तिनं भांडून घेतला होता," मी म्हटलं. "ती गेली म्हणून नियम जात नाही. टाक फासा."

"आबा, पाहा बरं."

"पाह्यलं. टाक."

नातीनं टाकला. घाव पुरा बसला. ढालवाली कशी आडवी आली, गुडघ्यावर गेली, बैल कसा मागं सरकून वाचला, सगळं पोरीनं नीट सांगितलं. शेवटी तिला रडू फुटलं. सून चहा ठेवायला उठली आणि आतच राहिली. मी रडलो नाही असं म्हणणार नाही, पण फासा टाकायला लावला याचं वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

नातीनं नाक पुसलं, पेन्सिल उचलली. "आता तुमच्यासाठी नवा कोण करू? जादूगार?"

"ढाल तिथंच पडेल आहे ना? ती उचलतो."

"नुसती उचलून नाही होत. तो जोर शिका लागते, आबा. लय वेळ लागते."

"मंग शिकव," म्हटलं. "चहा झाल्यावर."