थोरलीच्या गोळ्या

धाकट्या जावेचं कौतुक ऐकून ऐकून थोरलीचे कान किटले होते. "कशी लवलव चालते बघा," सासूबाई म्हणायच्या, "दोघींचं जेवते, पण अंगाला लागेल तर शपथ!" मग नजर हमखास थोरलीकडे वळायची.

थोरली नुसती हवा खाऊन फुगायची. तिचं थायरॉईड मंदावलं होतं. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यायची, तरी डोळे सुजलेले, जीभ जड, पायात गोळे. घरच्यांचं निदान मात्र एकच होतं, आळस. गोळ्यांची बाटलीसुद्धा महिना संपायच्या आत संपे. मग गोळ्या कमी भरल्या म्हणून ती औषधवाल्याशी भांडे, तो पुऱ्या मोजून दिल्याची शपथ घेई, आणि ती उरलेले दिवस तशीच ढकले.

धाकटीचे कपडे सैल होत गेले, तसं थोरलीच्या पोटात दुखू लागलं. उगाच कशाला लपवा, ती जळत होती.

त्यातच धाकटीची दाढ ठणकली. थोरली दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती, म्हणून तिलाच घेऊन जावं लागलं. डॉक्टर हसून म्हणाले, "तुमची जाऊ? वाटत नाही हो!" झालं, इथेही तेच.

"काही आजार? गोळ्या चालू आहेत?" त्यांनी धाकटीला विचारलं.

"छे!"

डॉक्टर इंजेक्शन भरायला वळले. धाकटीने थोरलीचा हात घट्ट धरला. थोरलीने आजवर कितीतरी घाबरलेले हात धरले होते. ते गार असत. हा घामेजलेला होता, पण गरम. बोटं थरथरत होती आणि मनगटातली नाडी सुसाट पळत होती. थायरॉईड पळत सुटलेल्या एका बाईचा हात असाच होता; तिला डॉक्टरांनी इंजेक्शन न देताच परत पाठवलं होतं. बधिर करायच्या औषधात हृदयाचे ठोके वाढवणारंही काही असतं, जिवावर बेतू शकतं, असं म्हणाले होते.

आणि थोरलीला आपली बाटली आठवली. औषधवाला बिचारा खरं बोलत होता तर!

क्षणभर तिला वाटलं, टोचू दे. खरंच वाटलं.

"डॉक्टर, थांबा! ही माझ्या थायरॉईडच्या गोळ्या खाते."

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली आणि धाकटीची नाडी धरली. धाकटी रडायलाच लागली. "गोळी सुरू झाल्यावर तुम्ही जरा उतरला होतात ना, ताई. मला वाटलं, बारीक व्हायचीच गोळी आहे. मला तुमच्यासारखं व्हायचं नव्हतं हो."

"दाढ नंतर," डॉक्टर म्हणाले. "ती गोळी आजपासून बंद. आधी रक्त तपासा, मोठ्या डॉक्टरांना दाखवा. तोवर दुखण्यावर काय घ्यायचं ते मी लिहून देतो."

घरी सगळं कळल्यावर सासूबाईंनी धाकटीला पलंगावर निजवलं, उशाशी बसून तिच्या केसांतून हात फिरवला. "पोरीने केवढं सोसलं! आता हिला कामाला हात लावू द्यायचा नाही."

थोरली दारातच उभी होती. सकाळपासून तिच्या पोटात गोळी नव्हती; बाटली रिकामी होती.

"मग हिचं काम कोण करणार?" तिने विचारलं.

"तू आहेस की," सासूबाई म्हणाल्या. "तुला काय धाड भरलीय?"