साखरपुड्याची ताडपत्री

नोव्हेंबर सरत आला तरी आज आभाळ भरलंय. शेजारच्या वाडीतून वाळत्या केळ्यांचा गोड, आंबूस वास येतोय. मी सारखी खिडकीशी जाते आणि परत येऊन बसते. बाबांना जाऊन दोन महिने झाले.

माझ्या साखरपुड्यालाही माहेरी, गासला, असंच अवेळी आभाळ दाटलं होतं. सासरची माणसं अंगणातल्या मांडवात नुकतीच टेकली होती. थेंब पडू लागताच बाबांनी मांडवावरची ताडपत्री ओढली आणि ती घेऊन मागच्या दारी धावले. तिथे सुकेळ्यांसाठी सोललेली राजेळी केळी वाळत होती.

"बाबा, पाहुणे भिजतायत!" मी ओरडले.

"पाहुणे पुसले की वाळतात, पोरी. यांना पाणी लागलं की बुरशीच!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लग्नापर्यंत मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

सासरी रुखवत उघडताना सासूबाईंनी केळीच्या सुक्या पानांची एक पुडी सोडली. आत मधाच्या रंगाची सुकेळी होती, एकावरही डाग नव्हता.

"आम्हाला भिजवून तुझ्यासाठी वाळवलीन हो," त्या हसल्या.

मीही हसले. बाबांना मात्र हे कधीच सांगितलं नाही.