तेरा नंबरची तार

...आन् "आजी, जरा हळू बोल" असं मला सांगू नको, हर्षाले. राग आला की माझा आवाज मोठाच निघतो. तू नुसती लिही. तुमच्या कॉलेजच्या अंकात छापायचं म्हणतीस ना, मग आधी तुझ्या बापाचं नाव टाक. मोतीराम. माझा थोरला. सगळं मखमलाबाद त्याला तारवाला म्हणतं.

लोकांना वाटतं, द्राक्षबाग म्हंजे नुसते घड. अरे, घड लोंबतात कशाला? मांडवाला. आन् मांडव उभा कशावर? तारेवर. ती तार माझा मोतीराम ओढतो, चौदा वर्षांचा होता तवापासून. हाताच्या रेघा कुठल्या आन् तारेचे ओरखडे कुठले, बघणाऱ्याला कळायचं नाय. तार ताणली की पक्कडीनं तिला टिचकी देतो आन् कान लावतो. "ही अजून सैल बोलती," म्हणतो, परत ओढतो. त्यानं ओढलेला मांडव गारपिटीत वाकला असंल, तुटला नाय कधी.

आता ही पोरगी. आवाज बापावर गेलाय, खालचा, भरलेला. मला लय आवडतो. पण मामानं दिलेली गिटार त्या आवाजाला जुळंना, म्हणून ही सगळ्या तारा दोन सूर खाली सोडायची. खाली सोडल्या की तारा लोळायच्या, खडखड करायच्या. शनिवारी गॅदरिंगला हिचं गाणं, आन् गाण्याचे सर काय म्हणावेत? "मुलीच्या जातीनं वरच्या पट्टीत गावं. गिटार नीट वाजली नाही तर नाव कापीन." घरी येऊन रडली. लिही, रडलीस ते पण लिही. लाजायचं त्यांनी, तू कशाला?

मोतीरामनं गिटार मांडीवर घेतली, टिचकी मारली. म्हणला, "आई, तार बारीक पडती. जाड पाहिजे. जाड तार खाली सोडली तरी ताण धरती." बरोबर होतं का नाय? वर्षभर शिकवणाऱ्या सरांना जे सुचलं नाय, ते ह्याला एका टिचकीत कळलं!

जुन्या पाकिटावर बारा नंबर होता. आता आमच्या बागेत बाराची तार बारीक, दहाची जाड, आठची त्याहून जाड. नंबर खाली गेला की तार जाड. हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठावं. मग तो काम सोडून शहरात द्वारकेच्या चौकात गेला, तिथल्या वाद्यांच्या दुकानात. म्हणला, "मुलीचा आवाज खालचा हाय. बाराची तार सैल पडती. जाड पाहिजे, दहा नंबर द्या."

दुकानदारानं दहा नंबर दिली. शेजारी बसलेल्याकडं बघून हसला पण. मोतीरामला वाटलं, माणूस हसतमुख हाय.

गुरुवारी तालमीत पोरीनं तारा खाली सोडल्या, तर आधीपेक्षा बेकार! पार ओल्या सुतळीवाणी. सर सगळ्यांसमोर म्हणले, "वडिलांना सांग, बागेतली तार आणून बांधा." पोरं खिदळली. मोतीरामनं हे ऐकलं आन् गिटार कोपऱ्यात ठेवली. "माझ्यामुळं पोरीचं हसं झालं. मी आता हात लावायचा नाय." ताटावरून उठला माझा लेक. हे मी विसरणार नाय.

शुक्रवारी मी हर्षालीला घेऊन बसनं द्वारकेला गेले. पाकीट त्याच्या गल्ल्यावर आपटलं.

"ही दहा नंबरची अशी का लोळती रे?"

"आजी, दहा म्हणजे बारीक. गिटारमध्ये नंबर वाढला की तार जाड. खाली लावायची तर तेरा घ्यावी लागते."

"मग माझ्या लेकाला दहा का दिली?"

"त्यांनी दहा मागितली."

"जाड मागितली का नाय?"

"मागितली."

"म्हंजे तुला ठावं होतं!"

परत हसला. "गिऱ्हाईक मागेल ते द्यायचं, आजी. द्राक्षवाल्यांना गिटारचं काय समजावणार?"

"मेल्या, तू द्राक्षं खातो ती हवेत लटकतात का? ज्यानं ती धरून ठेवलीत त्याला हसतो? काढ तेरा नंबर!"

हर्षाली माझा पदर ओढत होती. ओढू दे. अख्खं दुकान ऐकत होतं, बरं झालं.

घरी मोतीराम म्हणतो, "नको आई." मी म्हणलं, "बागेतली तार निसटली तर काय दुसऱ्याला बोलावतो? ऊठ." उठला. सगळ्यात जाड तार गिटारच्या मानेवरच्या खाचेत बसंना, तर छाटणीच्या कात्रीची बारीक कानस घेऊन खाच घासली, फुंकर मारून मारून. मग एक एक तार खाली सोडायची, टिचकी, कान. "गा बरं." ही गायली. परत टिचकी. शेवटी मान हलवली. "आता बोलती."

शनिवारी ही खालच्याच पट्टीत गायली. खडखड नाय, काय नाय. बाप पार मागं उभा, गिटारची पिशवी छातीशी धरून. सरांनी लय टाळ्या वाजवल्या. माझा राग त्या टाळ्यांनी जायचा नाय.

तर वाचणारांनो, द्वारकेच्या त्या दुकानात कधी गेलात तर मालकाला निरोप द्या. म्हणावं, मखमलाबादची कुसाबाई म्हणली, माणूस जाड तार मागायला आला तर त्याच्या हातात जाड तार ठेव. नंबर चुकला असंल तर सांग. हसू नको. आन् हे असंच्या असं सांगा बरं का, गोड करून सांगू नका.