बसथांब्यावरची नोन्का

सोमवारी सकाळी नोन्का पाव आणायला दुकानात शिरली आणि तिला बघताच दुकानवाल्या कुनाच्या हातातला अंड्यांचा ट्रे खाली पडला. तीस अंडी. त्यातली चार वाचली.

"अगं बाई!" म्हणत कुनानं छातीवर क्रूस काढला. चाळीस वर्षं ही बाई नोन्काला पाव देत आली होती. नोन्का फरशी पुसायला वाकली, तशी कुना दोन पावलं मागं सरकली.

"तुला बरं वाटत नाहीये का?" नोन्कानं विचारलं.

"मला?" कुना म्हणाली. "मला काय झालंय!"

नोन्का पाव घेऊन निघाली. तिला काही म्हणजे काही उमगेना. रस्त्यात एका म्हाताऱ्यानं तिला बघून टोपी काढली, मग पुन्हा घातली, मग पुन्हा काढली. बसथांब्याशी आली तेव्हा उलगडा झाला, म्हणजे अर्धा झाला. थांब्याच्या काचेवर तिचा फोटो होता. काळापांढरा, भोवती जाड काळी चौकट. खाली मोठ्या अक्षरांत: 'नोन्का दोन्चेवा, जन्म १९५३. रसायनशास्त्रज्ञ. चौतीस वर्षं.' त्याखाली, 'मंगळवार, ११ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजता, शाळेचं सभागृह. सर्वांनी यावे.'

या खोऱ्यात कुणी वारलं की त्याचा असाच कागद निघतो. दारावर, खांबावर, थांब्यावर लावतात. चाळीस दिवसांनी पुन्हा नवा, सहा महिन्यांनी पुन्हा. लोक बसची वाट बघता बघता सवयीनं ते वाचतात आणि कोण राहिलं, कोण गेलं याचा हिशेब ठेवतात. शेजारीच गेल्या आठवड्यात गेलेल्या सुताराचा कागद होता, त्याच मापाचा. फरक इतकाच की सुताराला दोन सालं होती आणि नोन्काला एकच. पण छापणाऱ्यांच्या चुकांकडे इथं कोण बघतं?

नोन्का त्या कागदापुढं बराच वेळ उभी राहिली. गंमत बघा, आपण मेलो असं छापून आलंय याचं तिला फारसं काही वाटलं नाही. मधला एक शब्द मात्र तिला टोचायला लागला. रसायनशास्त्रज्ञ? हे कुणी ठरवलं? आणि कधी?

ही करणी कुणाची ते तिला ठाऊक होतं. दोन आठवड्यांपूर्वी शाळेतल्या रसायनाच्या रालित्साबाई घरी आल्या होत्या. वय सव्वीस, शहरातून नव्यानंच आलेल्या, आणि घाई तर अशी की कॉफीसुद्धा उभ्यानं प्यायल्या.

"अकरा फेब्रुवारीला विज्ञानातल्या बायका-मुलींचा दिवस असतो, नोन्कामावशी. तुम्ही सातवीतल्या मुलींशी बोलायचं."

"कशाबद्दल? काचेची भांडी कशी घासावीत?"

"तुमच्या कामाबद्दल. मावशी, खरं सांगू का? मला एकाच मुलीची काळजी आहे. तुमच्या शेजारची देयाना. प्लोव्हदिवला रसायनाची मोठी शाळा आहे, तिच्या परीक्षेचा शनिवारचा वर्ग सुरू होतोय. पोरीला जायचंय, पण आई सही करत नाही. केस कापायच्या कोर्सला घालते म्हणते. शुक्रवारपर्यंत सही आली नाही तर जागा दुसऱ्याला जाईल. आणि तिची आई आल्बेना ऐकलं तर तुमचंच ऐकेल."

"बघू," नोन्का म्हणाली. या गावात 'बघू' म्हणतात ते पाहुण्यानं आता उठावं म्हणून. रालित्साबाईंना ते कुठलं कळायला? त्यांनी तो होकार समजला आणि जाताना प्रयोगशाळेतला एक फोटो मागून नेला. शाळेच्या छपाईयंत्रातली रंगीत शाई संपलेली आणि चौकट जी मिळाली ती. बाकीचं गावानं केलं.

तेव्हापासून नोन्काच्या डोक्यात नुसता गुंता झाला होता. पोरीला जा म्हणावं तर कशाच्या जोरावर? गुलाबाच्या तेलाच्या कारखान्यात ती एकविसाव्या वर्षी लागली ती मदतनीस म्हणून, आणि निवृत्त झाली तीही मदतनीसच. तेल तपासायचं, नळीत घालून थंड पाण्यात धरायचं, हळूहळू गार करायचं, पहिले सुईसारखे स्फटिक दिसले की तापमापक वाचायचा. चांगलं तेल साधारण एकोणीस-वीस अंशांना गोठतं, पातळ भेसळ केलेलं बरंच खाली जातं. हे तिनं किती हजार वेळा केलं कुणास ठाऊक. पण कागदावर सही इंजिनिअरसाहेबांची. मग तिला काय म्हणायचं? कामवाली म्हणावं तर ती कामवाली नव्हती. शास्त्रज्ञ म्हणावं तर हसू येत होतं.

शाळेत जाऊन रालित्साबाईंना चार शब्द सुनवायचे असं ठरवून ती वळली खरी, पण पाय घराकडेच गेले. फाटकाशी येते तो अंगणात दहा-बारा माणसं. काळे रुमाल बांधलेल्या बायका, मध्ये तिचा नवरा गोचो, हातात वाइनचा जग. आल्बेना मयताला वाटतात ती साखर पेरलेल्या उकडलेल्या गव्हाची ताटली आणि चार कार्नेशन घेऊन उभी होती. जिवंत माणसाला इथं सम संख्येत फुलं कुणी देत नाही.

नोन्कानं तिथूनच हाक मारायला हवी होती. पण आपल्यामागं लोक काय बोलतात हे ऐकायला मिळत असेल तर कोण सोडेल? ती मागच्या वाटेनं आली आणि बाहेरच्या स्वयंपाकघराच्या दाराआड पाव छातीशी धरून उभी राहिली.

गोचोला कशाचा पत्ता नव्हता. सकाळपासून तो परसात वेली छाटत होता, थांब्याकडे गेलाच नव्हता. छाटणीचा सण शुक्रवारी, त्यासाठी यंदा आपल्याला द्राक्षांचा राजा करायला गाव आलंय अशी त्याची समजूत. लोक हात हातात घेऊन दाबत होते, तो आभार मानत होता.

"धीर धरा, गोचोकाका," आल्बेना म्हणाली.

"धीर कसला? मी तर केव्हापासून वाट बघतोय!" गोचो म्हणाला आणि ग्लास पुढं केला. कुणी ग्लासाला ग्लास लावेना. सगळ्यांनी आधी गेलेलीच्या नावानं थोडी वाइन जमिनीवर सांडली. "अरे, सांडताय काय? वाईट आहे का?"

"डोक्यावर परिणाम झालाय बिचाऱ्याच्या," कुणीतरी पुटपुटलं.

मग बोलणं नोन्कावर आलं. किती स्वच्छ बाई! देव तिला क्षमा करो. खिडक्या कशा लख्ख असायच्या. चीजची बनित्सा करावी तर तिनंच, पदर न् पदर सुटा. कधी कुणाला उलटून बोलली नाही. नोन्का कान देऊन ऐकत राहिली. खिडक्या झाल्या, बनित्सा दोनदा झाली, मिरच्यांचं लोणचंही झालं. चौतीस वर्षं जिथं काढली त्या जागेचं नाव कुणी काढेना. तिला राग आला. मग रागाचंच नवल वाटलं, कारण आजवर तिनं तरी ते कुठं काढलं होतं?

"आणि कागदावर छापलंय काय तर रसायनशास्त्रज्ञ," आल्बेना मुलीकडे वळली. देयानाची शाळा दुपारची, म्हणून तीही आलेली, तेरा वर्षांची, उंचाडी, नखं कुरतडत. "ऐकलंस? असं असतं ते. आयुष्यभर बाटल्या विसळायच्या आणि मेल्यावर कागदावर मोठं नाव. तुला हवंय का असलं?"

"आजी बाटल्या विसळत नव्हत्या," देयाना म्हणाली. "तेल खरं की खोटं ते सांगायच्या. मला त्यांनी करून दाखवलंय."

"सांगायच्या म्हणे! ऐकत कोण होतं तिचं?"

यावर गप्प बसणं नोन्काला जमलं नाही. ती दाराआडून बाहेर आली.

पुढं दोन मिनिटं जे झालं ते सांगण्यात अर्थ नाही. किंचाळ्या झाल्या, गहू जमिनीवर गेले, एक बाई कोंबड्यांच्या खुराड्याला धडकली.

"हे काय चाललंय?" गोचो ओरडला. "अगं, यांना मी राजा नकोय का?"

"गोचो, त्यांना वाटलं मी मेले."

"कधी?" गोचो म्हणाला आणि त्यानं स्वतःचा ग्लास एका दमात रिकामा केला.

शाळेचा कागद, कार्यक्रम, शाई, सगळं सांगून होईपर्यंत बरीचशी मंडळी ओशाळून फाटकाबाहेर पडली. आल्बेना मात्र राहिली. कार्नेशन हातातच, आणि चेहरा असा की हसावं की भांडावं ते तिला ठरवता येत नव्हतं.

"बरं झालं जिवंत आहेस, मावशी," ती शेवटी म्हणाली. "आता तूच सांग हिला. त्या पोरगेल्या बाईसारखं गोड गोड नको. खरं सांग. काय मिळालं तुला त्यातून?"

देयाना नखं कुरतडायची थांबली. नोन्का ओट्यावर बसली. दोन आठवडे चुकवलेला प्रश्न आता समोर उभा होता.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"बघ!" आल्बेना मुलीला म्हणाली.

"थांब गं, मला विचार करू दे. एवढी माणसं आत्ता मला रडून गेलीत, माझं डोकं ठिकाणावर नाही." नोन्का बराच वेळ पावाचं कवच नखानं टोकरत राहिली. "अठ्ठ्याऐंशी साली एक मोठा डबा आला होता. परदेशी जायचा होता. मी तपासला तर तेल फारच उशिरा गोठलं. पुन्हा केलं. चार वेळा केलं. प्रत्येक वेळी तोच आकडा. साहेबांना सांगितलं, यात भेसळ आहे. ते म्हणाले, 'नोन्का, तुझे हात गरम आहेत, तू नळी नीट धरली नसशील.' आणि त्यांनी एकोणीस लिहून सही केली."

"मग?"

"मग डबा गेला. तीन महिन्यांनी परत आला, भेसळ म्हणून. मोठा गोंधळ झाला. साहेब म्हणाले तापमापक बिघडला होता. तापमापक फेकून दिला. चांगला होता बिचारा."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?" देयानानं विचारलं.

"नाही."

"का?"

नोन्काला वाटलं, भीतीपोटी म्हणावं. पण ते खरं नव्हतं. साहेब साधा माणूस होता, तो काही तिला खाऊन टाकणार नव्हता. "मला वाटलं, खरंच माझे हात गरम असतील," ती म्हणाली. "चार वेळा बघूनसुद्धा. डबा परत आल्यावरसुद्धा. आपण कोण आकडा सांगणारे, असं वाटायचं. तुझ्या आईसारखं मलाही वाटायचं, की मी बाटल्याच विसळते." तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "हे गोचोलासुद्धा कधी सांगितलं नाही. कार्यक्रमात काय बोलायचं ते मला अजून कळत नाही. शास्त्रज्ञ कशाला म्हणतात तेही कळत नाही. आल्बेना, तुला खरं हवं होतं ना? खरं हे एवढंच आहे."

अंगणात कोंबड्या सांडलेले गहू टिपत होत्या.

"किती होता?" देयाना म्हणाली.

"काय किती?"

"आकडा. साहेबांनी एकोणीस लिहिला. तुमचा किती होता?"

नोन्का तिच्याकडे बघतच राहिली. डबा गेला, परत आला, चौकशी झाली, तापमापक फेकला, साहेब गेले, सदतीस वर्षं उलटली. हे तिला कुणीही विचारलं नव्हतं.

"चौदा पूर्णांक सहा," ती म्हणाली, आणि पावावर तोंड टेकून रडायला लागली.

गोचोला तिच्या खांद्यावर हात ठेवायचा होता, पण एका हातात जग आणि दुसऱ्यात ग्लास होता, म्हणून तो नुसताच जवळ येऊन उभा राहिला. देयाना ओठ हलवत मनातल्या मनात काहीतरी वजा करत होती. "म्हणजे चार पूर्णांक चार कमी," ती म्हणाली. "गरम हातांनी एवढा फरक नाही पडत, आजी. आणि चारही वेळा सारखा तर नाहीच नाही."

आल्बेना मुलीकडे बघत राहिली. घरात मीठ कुठं ठेवलंय तेही जिला सापडत नाही ती ही पोरगी.

"प्लोव्हदिवच्या बसमध्ये तुला उलट्या होतात," ती म्हणाली. "दर शनिवारी होतील."

"होऊ देत," देयाना म्हणाली.

"खिडकीशी बसायचं. आणि जाताना काही खायचं नाही." आल्बेनानं हातातली चार फुलं पाहिली, त्यातलं एक काढून मुलीच्या हातात दिलं आणि उरलेली तीन नोन्काच्या मांडीवर ठेवली. "तो सहीचा कागद कुठं टाकलायस? जा, घेऊन ये."