खड्ड्यातली चूल

आमच्या गावाबाहेरच्या माळावर जुन्या गावाची खोदाई चालली होती. हजार वर्षांपूर्वी तिथे साधी शेतकरी माणसं राहत होती, असं खोदाईचे सर सांगत. कामाला आमच्याच गावातली माणसं घेतली होती. पुरुष खड्ड्यात बसून थापीने हळूहळू माती खरवडायचे. आम्ही बायका ती घमेल्यातून चाळणीपाशी नेऊन ओतायचो. असं कोणी ठरवलं ते मला माहीत नाही. पहिल्या दिवशी तसं झालं आणि मग तसंच राहिलं.

एका दुपारी खड्ड्यात चूल सापडली. तीन बाजूंना जांभ्या दगडाचे तुकडे, मधली माती भाजून काळीलाल झालेली. आम्ही काठावरून बघितली, तेवढ्यात सरांचा ओरडा बसला, "काठावर उभ्या राहू नका, माती ढासळते!" त्या दिवसापासून माझ्या मनात एकच होतं. एकदा खाली बसून त्या चुलीतली माती आपल्या हाताने काढायची.

पुढे खड्ड्यातला एक माणूस मुंबईला गेला. सरांनी आम्हाला विचारलं, "तुमच्यापैकी कोणी बसेल का ब्रश घेऊन?"

मी घमेलं खाली ठेवलं. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी ते बघितलं.

"हिला बसवा सर! घरची चूल पुरत नाय हिला, आता मेलेल्यांची पण फुंकील!"

"भाकऱ्या आमाला पण दे गो!" मागून एक जण म्हणाली.

सगळ्या हसल्या. मीही हसले. माझ्या त्या हसण्याचा मला अजून राग येतो. सर म्हणाले, "बरं, राहू दे." त्यांनी वाडीतल्या एका पुरुषाला बोलावलं.

घरी येताना मी जाऊबाईंना म्हटलं, "वयनी, मला खरंच बसायचं होतं."

"मग बोलली का नाय? मी काय तुझं तोंड धरलं होतं?"

धरलं नव्हतं.

पावसाच्या आधी काम संपलं आणि खड्डा परत बुजवायचा ठरला. चुलीवर प्लास्टिक अंथरलं आणि सर म्हणाले, "आता तुम्ही बायका आत उतरा, माती तुडवून बसवा." आम्हीच उपसून नेलेली माती वरून परत ओतली जात होती. प्लास्टिकखालचं काही नीट दिसेना. तेही थोड्या वेळात मातीखाली गेलं. मी त्या जागेवर हलक्या पायाने तुडवत होते.

"तिथे नीट दाबा," वरून सर ओरडले, "पावसात खचेल."

मी दाबली.